सँट्रो रामेश्वरला नेण्याआधी आरसीची तारीख बघा

प्रश्न : आमची सँट्रो नोव्हेंबर २०११ ची, पेट्रोल, १ लाख २६ हजार किमी झालेली. बाबांनी निवृत्तीच्या पैशातून घेतली. ते आता ७४ वर्षांचे आहेत, आई ७० ची. येत्या डिसेंबरअखेर याच गाडीतून रामेश्वर-कन्याकुमारी करायची त्यांची इच्छा आहे. आम्ही दोघे, मुलगी आणि आई-बाबा असे पाचजण. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी ५८,००० रुपयांचं काम काढलंय. अधूनमधून इंजिन थंड ठेवणारं कूलंटही घालावं लागतं. शोरूमवाले म्हणतात, एवढा खर्च करण्यापेक्षा नवी घ्या, सात लाखांचं कर्ज करून देतो. टुरिस्टवाल्यांनी अर्टिगाचा दर किमीला १७ रुपये, रोज किमान ३०० किमी आणि ड्रायव्हरचा भत्ता ५०० असा सांगितलाय. हातात पगार ६२,००० येतो, घराचा हप्ता १७,५०० आहे, एफडी २ लाख १० हजारांची. मुलगी अकरावीत आहे. काय करावं? (शिरोली एमआयडीसीतील एक वाचक)

नमस्कार,

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही सहज लिहून पुढे गेलात : नोव्हेंबर २०११. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. म्हणजे तुम्ही निघायच्या महिनाभर आधीच आरसीची, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्राची, मुदत संपते. फेरनोंदणी न करता गाडी कर्नाटक, तमिळनाडूत नेली आणि दुर्दैवाने काही घडलं, तर दंड राहू दे, विम्याच्या दाव्यातच अडचण येईल. दिल्लीतल्या जुन्या गाड्यांवरच्या बंदीच्या बातम्या वाचून घाबरू नका. तो नियम आपल्याकडे नाही. एमएच ०९ ची गाडी आरटीओच्या तपासणीत पास झाली की आणखी पाच वर्षं चालते. मुदत संपायच्या आधी साठ दिवसांत अर्ज करता येतो, म्हणजे सप्टेंबरपासून. फेरनोंदणीची फी ५,००० रुपये, त्यावर पर्यावरण कर, आणि उच्च सुरक्षा नंबरप्लेट अजून बसवली नसेल तर तीही. एकूण १५,००० बाजूला ठेवा.

म्हणून आधी ठरवायचं आहे ते हे, की ही गाडी तुम्ही अजून तीन-चार वर्षं ठेवणार आहात का. सहलीचं त्यानंतर बघू. ठेवणार असाल तर मिस्त्रींनी काढलेला बहुतेक खर्च रामेश्वरचा नाहीच, तो गाडीचा आहे. शिरोलीला रोज जा-ये करायलासुद्धा तो करावाच लागेल. ५८,००० आणि फेरनोंदणीचे १५,००० मिळून ७३,००० होतात. तीन वर्षांत विभागले तर महिन्याला साधारण २,००० रुपये. शोरूमच्या सात लाखांचा हप्ता नऊ टक्के व्याजाने सात वर्षांसाठी सुमारे ११,२६० येतो आणि व्याजच २ लाख ४६ हजारांच्या घरात जातं. घराचा हप्ता धरून दर महिन्याला २८,७६० जातील, म्हणजे पगाराचा जवळपास निम्मा भाग. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्के झाला आणि किमती उतरल्या, हे खरं आहे. पण दीड-पावणेदोन वर्षांत मुलीच्या कॉलेजची फी समोर उभी राहणार आहे. नवी गाडी आता नको, हे मी ठामपणे सांगतो.

आता मिस्त्रींची यादी. टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप ७,५००, ब्रेकचं काम ५,५००, चार टायर १५,००० : हे २८,००० डोळे झाकून करा. टायमिंग बेल्ट रबराचा असतो, आत झाकलेला असतो, तुटण्याआधी सहसा काही कळत नाही. तो धावत्या गाडीत तुटला तर इंजिनाचे व्हॉल्व वाकू शकतात, आणि मग साडेसात हजारांचं काम अनेक पटींनी महागात पडतं. टायरची नक्षी अजून चांगली आहे असं तुम्हाला वाटत असेल. नक्षीवर जाऊ नका. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात. ३२१८ असेल तर तो टायर २०१८ च्या बत्तिसाव्या आठवड्यातला. कमी फिरलेल्या गाडीचं रबर न झिजताच कडक होतं आणि ओल्या रस्त्यावर पकड सोडतं. डिसेंबरात आपल्याकडे कोरडी थंडी असते, पण तमिळनाडूत ईशान्य मोसमीचा पाऊस तेव्हाही येऊ शकतो. त्याच कारणासाठी एसीचे ८,५०० मी चैन म्हणून कापणार नाही. पाचजण बसलेल्या बंद गाडीत पावसात काच धुरकटते, तेव्हा एसीच लागतो. बॅटरी ४,५०० आणि सस्पेन्शन ९,००० हे सप्टेंबर-ऑक्टोबरात करा. क्लचच्या ८,००० बद्दल पुढे सांगतो त्या घाटाच्या फेरीत बघून ठरवू.

पण यातला एक रुपयाही खर्च करण्याआधी कूलंट कुठे जातं ते शोधा. पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी याच ओळीने लावली. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना ऑइल भरायचं झाकण उघडून आतून बघा. तिथे दुधाळ, चहाच्या रंगाचा चिकट थर असेल, किंवा सुरू केल्यावर बराच वेळ पांढरा धूर येत असेल, तर कूलंट इंजिनाच्या आत जात असण्याची शक्यता असते. रेडिएटरचं झाकण मात्र गरम असताना कधीही उघडू नका. मिस्त्रींना कूलिंगची प्रेशर टेस्ट करायला सांगा. गळती होजपाइपची किंवा पंपाची निघाली तर प्रश्न मिटला, पंप तसाही बदलायचाच आहे. हेड गॅस्केट (इंजिनाच्या दोन भागांमधलं सील) गेलेलं निघालं तर इंजिन उघडावं लागेल. तेव्हा ५८,००० चा हिशेब रद्द समजा. पंधरा वर्षांच्या गाडीत तेवढे पैसे घालू नका, नोव्हेंबरच्या आत ती विकून टाका.

कूलंटचं निभावलं आणि कामं झाली, की एक दिवस काढा. पाचही जण आणि प्रवासात नेणार तेवढंच सामान घेऊन आंबा घाट उतरून साखरप्यापर्यंत जा आणि परत चढून या. चढावर तापमानाचा काटा मधल्या खुणेवरून हलता कामा नये. इंजिनाचा आवाज वाढतोय पण वेग वाढत नाही असं झालं तर क्लच गेला, ते ८,००० खर्चा. उतारावर ब्रेकचा वास येतो का बघा. धर्मापुरीहून सेलमकडे जाताना तोप्पूरचा मोठा उतार लागतो, तिथे दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये सावकाश उतरायची सवय इथेच होऊ द्या. बाबांचे गुडघे पुढच्या सीटवर किती वेळ तग धरतात, हेही त्याच दिवशी कळेल.

भाड्याच्या गाडीचा हिशेब असा : दहा दिवस, ३,००० किमी, ५१,००० अधिक भत्ता ५,०००, म्हणजे ५६,०००. टोल आणि परमिट वेगळं. तुमच्या गाडीचं पेट्रोल, लिटरला १४ किमी आणि १०५ रुपये धरून, साडेबावीस हजारांच्या आसपास. वाचतात ते तेहेतीस हजार. त्यातले ३०,००० मी तुम्हाला खर्च करू देणार नाही. ते खात्यात वेगळे ठेवा : वाटेत गाडी अडली तर टोइंग, दोन रात्रींच्या खोल्या, आई-बाबांना पुढे नेणारी दुसरी गाडी. काही झालं नाही तर तोच पैसा मुलीच्या फीच्या खात्यात जाईल. एफडीला हात लावू नका. यादीतली कामं महिन्याच्या पगारातून आणि दिवाळीच्या बोनसमधून टप्प्याटप्प्याने होतील. टोलसाठी फास्टॅगचा तीन हजारांच्या आसपासचा वार्षिक पास आहे, २०० फेऱ्या किंवा एक वर्ष. कोगनोळीपासून रामेश्वरपर्यंतचे नाके मोजलेत तर तो घ्यावासा वाटेल, पण नवी आरसी हातात आल्यावरच घ्या. पास त्याच गाडीला चिकटलेला असतो.

विम्याचं तुम्ही काही लिहिलं नाहीत. जुन्या गाडीला बरेच जण नुसता थर्ड पार्टी विमा ठेवतात. त्यात तुमच्याच गाडीत बसलेल्या माणसांची जोखीम येत नाही. आई-बाबा, पत्नी, मुलगी सगळी त्याच गाडीत आहेत. गाडी तपासून पॅकेज पॉलिसी, म्हणजे स्वतःच्या गाडीला आणि आत बसलेल्यांनाही धरणारा विमा, मिळते का विचारा. नाही मिळाली तर प्रवाशांसाठी वैयक्तिक अपघात विमा आणि रस्त्यावरच्या मदतीची सेवा घ्या. आई-बाबांच्या मेडिक्लेमची कार्डं सोबत ठेवा.

बाबांची इच्छा मला मोलाची वाटते, म्हणून गाडी घाटात पास झाली आणि आरसी आली तर माझं मत सँट्रोनेच जा असं आहे. दहाऐवजी बारा दिवस घ्या, दिवसाला ३५० किमीच्या वर नको, रात्री गाडी चालवायची नाही. बेंगळुरूच सहाशे किमीवर आहे, तिथवर वाटेत एक मुक्काम हवाच. रजा मिळत नसेल तर कन्याकुमारी सोडा, रामेश्वर करून परत या.

गाडी नापास झाली तर मिरजेहून दादर-तिरुनेलवेली चालुक्य एक्स्प्रेस मदुराईला जाते. मदुराईहून चार दिवसांची गाडी ठरवा. पाच जणांची थर्ड एसीची तिकिटं धरून हे ४०-४५ हजारांत बसेल असा माझा अंदाज आहे, आणि तेही ५६,००० पेक्षा कमीच. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी खुलं होतं, नाताळच्या सुट्टीची तिकिटं लगेच संपतात. तेव्हा आंबा घाटाची फेरी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या आत उरका.