फ्रिजमधलं दूध, दही, पनीर, साय यातलं दर आठवड्याला काहीतरी फेकावं लागतं. नीट कसं लावून ठेवावं?

आधी नवे डबे आणू नका, जागा ठरवा. आमच्या इंदूरच्या घरी सकाळी सुटं दूध येतं, पाहुणे असले की वर पाकीट येतं आणि कालचं थोडं उरलेलं असतंच. तीन पातेली, तिन्हींत दूध, जुनं कुठलं कुणालाच ठाऊक नाही. वाया जातं ते इथेच.

नवं पातेलं मागे, जुनं पुढे. चहाला पुढचंच घ्यायचं, मग सासूबाई काहीही म्हणोत. कालच्या दुधात आजचं ओतू नका, नासलं तर दोन्ही जातात. दाराच्या कप्प्यात दूध ठेवूच नये, फ्रिजमधली सर्वांत उबदार जागा तीच. तिथे लोणची, सॉस, फार तर मिठाचं बटर. दूध खालच्या फळीवर, आत. फ्रिज 4 अंशांच्या आसपास हवा. तापवलेलं दूध परातीत पाणी घेऊन निववा आणि दोन तासांत आत टाका. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की तासाभरातच.

साय फ्रीझरमध्ये. खाली साठवत राहिलं की कडवट होते, मग तुपालाही तो वास येतो. विरजण लावायच्या आदल्या रात्री खाली काढा.

दही एकाच भांड्यात, आणि विरजणापुरतं वेगळ्या वाटीत, नाहीतर शेवटचा चमचा कुणीतरी साखर घालून खातंच. आंबट झालं की कढी. त्याचा चक्का बांधू नका, श्रीखंड साखर खात बसतं आणि तरी आंबटच लागतं.

पनीरचं पाकीट फोडलं की पाण्यात बुडवून ठेवा, पाणी रोज बदला, दोन-तीन दिवसांत संपवा. जमणार नसेल तर तुकडे करून फ्रीझरला. भुसभुशीत होतं, पण भुर्जीला चालतं.

दह्यावर किंवा पनीरवर बुरशी दिसली तर वरचं खरवडून खाली चांगलं आहे म्हणू नका, सगळंच टाका. कुणी इंदूरकर म्हणेल, ओल्या कचऱ्यात गेलं की देवगुराडियाला त्याचा गॅस होतोच. होतो, 2022 पासून प्लांट आहे, रोज 550 टन ओला कचरा घेण्याइतका मोठा. पण इतक्या महागाचं दूध त्याला कशाला पाजायचं? रिकामी पाकिटं मात्र विसळून सुक्या कचऱ्यात टाका, नाहीतर गाडी येईपर्यंत घरभर वास.