शंका-समाधान : आभासी रणांगणावरील निर्णय

प्रश्न : युद्धसरावात अधिकाऱ्यांऐवजी संगणकप्रणाली निर्णय घेते, म्हणजे नेमके काय होते?

उत्तर : ऑक्टोबर १९९७मध्ये अमेरिकी सैन्याच्या ‘स्टो-९७’ या आभासी सरावात ‘टॅकएअर-सोअर’ या प्रणालीने ४८ तासांत सातशेहून अधिक विमानमोहिमा पार पाडल्या. अनुभवी वैमानिकांचे ज्ञान तिच्यात पाच हजारांहून अधिक नियमांच्या रूपाने साठवलेले होते; समोरचे विमान शत्रूचे असल्याची खात्री पटली आणि हल्ल्याची परवानगी असली, तरच क्षेपणास्त्र डागायचे, अशा धर्तीचे ते नियम. प्रत्येक आभासी वैमानिक परिस्थिती जोखून पुढची चाल स्वतः ठरवी. प्रशिक्षणासाठी हे मोलाचेच आहे. मात्र थकवा, भीती आणि अपुरी माहिती यांच्या दडपणाखाली सेनानीचा निर्णय कसा बदलतो, हे नियमांत उतरवणे कितीतरी अवघड असल्याने अशा सरावाच्या निष्कर्षांवर प्रत्यक्ष मोहीम आखणे मला धोक्याचे वाटते.