पहिल्या गाडीला रंग देण्याआधी

मॉडेल गाडीचं १:२४ चं, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याचं, प्लॅस्टिक किट घेतलंत, छान केलंत. हा आकार हाताला बरा.

भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडून येतात, तिच्यावरून पिळून तोडू नका. निपरने (छोट्या कटरने) भागापासून जरा लांब कापा, उरलेलं टोक पॉलिश पेपरने घासा. मग भांड्यांच्या साबणाने धुवा, नाहीतर साच्याच्या तेलकटपणावर रंग धरत नाही.

खरी परीक्षा रंगाची, त्यात आपली कोकणातली हवा. पावसाळ्यात स्प्रे मारूच नका. दमट हवेत लॅकरवर (पटकन वाळणाऱ्या स्प्रेच्या रंगावर) दुधाळ झाक येते. माझ्या पहिल्या लाल बॉनेटवर जुलैत अशीच साय धरली होती. पाऊस आहे तोवर जोडणी करा, रंग डिसेंबरात, दव उडाल्यावर, पडवीत, मास्क लावून. आधी प्लॅस्टिकच्या चमच्यावर मारून बघा. प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा हात, मग रंगाचे तीन-चार पातळ हात. एकाच जाड हातात उरकलंत की ओघळ आलाच.

काचांना फेविक्विक नको, वाफेने धुरकटतात. टाचणीच्या टोकावर फेव्हिकॉल घ्या.

एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेनासारखं साधन) आताच नको. डब्याच्या स्प्रेवर दोन गाड्या होऊ द्या, मग सांगतो कुठला घ्यायचा.