वाचक विचारतात : हेल्मुट वाल्खा यांचा बाख

प्रश्न : जर्मन ऑर्गनवादक हेल्मुट वाल्खा यांना दिसत नव्हतं. मग चार-पाच सुरावटी एकाच वेळी चालणारं जर्मन संगीतकार बाखचं ऑर्गनसंगीत त्यांनी पाठ कसं केलं?

उत्तर : मुख्यतः कानावर, आणि एका वेळी एकच सुरावट. वाल्खांचा जन्म लाइपझिगमध्ये १९०७ सालचा. देवीची लस बाधल्यामुळे त्यांची नजर अधू झाली आणि विशीच्या आतच ती पूर्ण गेली. लाइपझिगच्या टोमास चर्चमध्ये ते गुंथर रामीन यांचे शिष्य आणि सहायक होते. १९२९ साली ते फ्रांकफुर्टला गेले आणि तिथेच राहिले. १९४६ पासून द्रायक्योनिग चर्चचा ऑर्गन त्यांच्याकडे होता.

नवी रचना घ्यायची तेव्हा आधी आई आणि पुढे पत्नी उर्सुला एकेक सुरावट सुटी वाजवून दाखवायच्या. वरची पूर्ण बसली की मधली, मग पायांची, म्हणजे पायाने दाबायच्या पट्ट्यांवरची. सगळ्या स्वतंत्रपणे डोक्यात बसल्या की जोडणी वाल्खा स्वतः करायचे. चाळिशीपर्यंत बाखचं सगळं ऑर्गनसंगीत त्यांना असं मुखोद्गत झालं होतं.

ही पद्धत केवळ स्मरणशक्तीचं कौतुक म्हणून सोडून देऊ नये, कारण ध्वनिमुद्रणांत ती ऐकू येते. स्वरलिपी समोर ठेवून शिकणारा वादक सहसा हाताच्या ठेवणीने शिकतो. या मात्रेला ही बोटं, पुढच्या मात्रेला ती. त्यात मधली सुरावट पहिल्यांदा बुजते, कारण ती दोन हातांत वाटली जाते आणि हात बदलताना तिचं वाक्य तुटतं. वाल्खांकडे ते सहसा तुटत नाही. शिवाय ऑर्गनची पट्टी जोरात दाबली म्हणून पाइप मोठ्याने वाजत नाही; भात्याची हवा तेवढीच असते. त्यामुळे एखादा स्वर ठसवायचा तर त्याच्या आधीचा स्वर किंचित लवकर सोडणं, म्हणजे मध्ये अगदी बारीक फट ठेवणं, हा वादकाकडचा मुख्य उपाय. वाल्खा प्रत्येक सुरावटीला तिच्या-तिच्या फटी देतात. कोणाला हे वादन कोरडं वाटतं आणि ती तक्रार अगदीच चुकीची नाही. लय ते फारशी वाकवत नाहीत, एखाद्या भागात सुरू केलेला ध्वनिरंगही मध्येच क्वचित बदलतात.

प्रश्न : त्यांच्या बाखच्या ध्वनिमुद्रणांचे दोन संच दिसतात. कोणता घ्यावा?

उत्तर : दोन्ही संच डॉइच ग्रामोफोन या जर्मन कंपनीच्या आर्कीव्ह मालिकेतले. पहिला मोनो, १९४७ ते १९५२ या काळातला. त्याची सुरुवात ल्यूबेकच्या याकोबी चर्चमधल्या छोट्या ऑर्गनवर झाली. १९४२ च्या बॉम्बहल्ल्यातून हे चर्च वाचलं होतं. नंतरचं काम उत्तर जर्मनीतल्या काप्पेल गावी झालं. तिथला ऑर्गन आर्प श्निट्गरने १६८० साली हाम्बुर्गसाठी बांधला होता आणि १८१६ साली तो काप्पेलने विकत घेतला. दुसरा संच स्टीरिओ, १९५६ ते १९७१. त्यासाठी आधी नेदरलँड्समधलं आल्कमार आणि मग स्ट्रासबूर्गमधला झिल्बरमानने बांधलेला ऑर्गन निवडला.

एकच घ्यायचा तर स्टीरिओ. आल्कमारच्या मोठ्या चर्चमध्ये पायांची सुरावट कुठून येते आणि हातांची कुठून, हे कळतं. पण काप्पेलची मुद्रणं ऐकल्याशिवाय राहू नका. चर्च लहान, ऑर्गन हातांच्या पट्ट्यांच्या दोनच ओळींचा आणि सुरांना धार. फ्यूगची, म्हणजे एकच सुरावट एकामागून एक वेगवेगळ्या आवाजांत शिरते त्या रचनेची, वीण तिथे जास्त उघडी पडते.

निवड करण्याआधी एक कसोटी घ्या. दोन्ही संचांत सहा त्रिसोनाटे आहेत, बाखच्या रचनासूचीत (BWV) ५२५ ते ५३० या क्रमांकांचे. प्रत्येकात तीनच सुरावटी असतात, उजव्या हाताची, डाव्या हाताची आणि पायांची. पहिल्या सोनाट्याचा पहिला भाग तीनदा लावा. पहिल्यांदा फक्त पायांकडे लक्ष द्या, दुसऱ्यांदा डाव्या हाताकडे, तिसऱ्यांदा तिन्हींकडे. डावा हात ज्या संचात सहज सापडेल तो तुमच्या कानाचा आणि तुमच्या यंत्राचा संच.

प्रश्न : माझ्याकडे छोटे स्पीकर आहेत. पायांचे खर्ज स्वर ऐकूच येत नाहीत. मुद्रणात दोष आहे का?

उत्तर : दोष बहुधा स्पीकरचा. १६ फुटी पाइपचा सर्वांत खालचा ‘सी’ सुमारे ३३ हर्ट्झचा असतो, ८ फुटीचा सुमारे ६५. लहान स्पीकर १०० हर्ट्झच्या खाली झपाट्याने गळतात. तरी सूर ओळखू येतो, कारण त्याचे वरचे उपस्वर स्पीकरमधून येतात आणि मूळ स्वर कान भरून काढतो. जातो तो फक्त भार. बासचं बटण पूर्ण फिरवून उपयोग नाही. स्पीकर घरघरतो आणि मधली सुरावट झाकली जाते. त्यापेक्षा कान झाकणारे चांगले हेडफोन वापरा.

जुनी मोनो तबकडी स्टीरिओ पिनवर वाजवत असाल तर अँप्लिफायरचं मोनो बटण दाबा. मोनो खाचेत संगीत फक्त आडव्या हालचालीत असतं. पिनेची उभी हालचाल म्हणजे निव्वळ खरखर, आणि दोन्ही बाजू एकत्र केल्या की ती बरीचशी रद्द होते. पट्ट्यांची खडखड मात्र जाणार नाही. ती पट्टीपासून हवेच्या झडपेपर्यंत जाणाऱ्या लाकडी काड्यांची असते.

प्रश्न : ‘आर्ट ऑफ फ्यूग’ शेवटी अचानक थांबतं. कॅसेटवरून उतरवताना तुटलं असेल का?

उत्तर : नाही. शेवटच्या फ्यूगचं बाखचं हस्तलिखितच २३९ व्या मापानंतर (बारनंतर) थांबतं. १९५६ साली आल्कमारला वाल्खांनी हे काम स्टीरिओत मुद्रित केलं. या फ्यूगला त्यांनी स्वतः एक शेवटही लिहिला आहे, त्यामुळे पूर्ण झालेलं रूप कानावर पडलं तर ती पूर्ती कोणाची हे मुखपृष्ठावर पाहून घ्या.

प्रश्न : बाखखेरीज त्यांचं काय ऐकावं?

उत्तर : १९७७ साली काप्पेललाच मुद्रित केलेले बाखच्या आधीचे रचनाकार : बुक्सटेहुडे, ब्रून्स, ब्योम, पाखेलबेल, श्वेलिंक आणि इतर. सुरुवात ब्रून्सपासून करा. विसाव्या शतकातल्या भरदार ऑर्गनरचना हव्या असतील तर दुसरा वादक शोधावा लागेल.