पत्र्याखाली काथ्याचा तक्ता

प्रश्न : पत्र्याच्या छपराखाली काथ्या आणि रेझिन (धागे चिकटवणारी कृत्रिम राळ) यांचा दाबून केलेला तक्ता लावल्यास उकाडा कमी होईल का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : होईल, मात्र तक्ता किती घट्ट दाबला आहे, यावर बरेच अवलंबून आहे. काथ्याचा धागा आडवा कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर मधोमध पोकळी आणि भोवती मधाच्या पोळ्यासारख्या पोकळ पेशी दिसतात; त्यांत आणि धाग्यांमधल्या फटींत अडकलेली स्थिर हवाच उष्णता अडवते, कारण तिची उष्णतावाहकता सुमारे ०.०२६ वॉट प्रति मीटर केल्विन, तर पॉलिएस्टर रेझिनची साधारण ०.२ असते. म्हणून भरपूर रेझिनचा कठीण तक्ता मजबूत असला, तरी उष्णतारोधनात सैल तक्त्यापेक्षा मागे पडतो. कोकणात मला ओलाव्याची चिंता अधिक वाटते : पाण्याची वाहकता हवेच्या वीसपटींहून जास्त असल्याने भिजलेला काथ्या फारसा उपयोगी राहत नाही, तेव्हा तक्त्याच्या कडा नीट बंद करून घ्याव्यात.