काजवे दिसलेच नाहीत!

प्रश्न: ताई, जूनच्या पहिल्या शनिवारी आम्ही सहा मित्र भंडारदऱ्याला काजवे बघायला गेलो होतो. रात्री 9 ते 1 नुसते फिरत होतो, चार स्पॉट केले, जिथे जाऊ तिथे कोणीतरी सांगायचं पुढे जास्त आहेत. दिसले किती तर आठ-दहा, आणि फोटो सगळे काळेकुट्ट. नेमका स्पॉट कुठला ते सांगा, पुढच्या वर्षी चुकायला नको.
(एक वाचक, पुणे)

उत्तर: अरे दादा, चारही स्पॉट बरोबरच असणार, तुम्ही थांबलात कुठे पण? डोळे अंधाराला नीट सरावायला 20 ते 30 मिनिटं लागतात आणि मधेच मोबाईल उघडला की परत पहिल्यापासून मोजायचं. त्यात काजव्याचा उजेड म्हणजे त्याचं बोलणं, नर लुकलुकतो आणि मादी खाली गवतातून उत्तर देते, त्यांच्यावर हेडलाईट मारला की संपलंच.

आम्हीही तसलेच होतो म्हणा. एका वर्षी पुरुषवाडीच्या अलीकडे गाडी पंक्चर झाली, स्टेपनीत हवा नाही, रेंज नाही, मिस्टर मला बोलतायत मी त्यांना. शेवटी भांडून दमलो आणि बॅटरी वाचवायची म्हणून दिवे बंद करून बांधावर बसलो. बराच वेळ फक्त डास. मग समोरचं सादड्याचं झाड, जे इतका वेळ नुसता काळा ढीग वाटत होतं, ते उजळलं, विझलं, परत उजळलं, हजारो काजवे पण सगळे एका ठेक्यात, आणि आम्ही दोघं भांडण कशावरून होतं तेच विसरलो. एक पठ्ठ्या यांच्या चपलेवर येऊन बसला, तिथून माझ्या बोटावर चढला, नखाभोवती हिरवट पिवळा उजेड आणि ऊब म्हणाल तर जराही नाही. फोटो एकही नाही आमच्याकडे.

तर पाऊस जोरात लागला की खेळ आटोपतो, म्हणून मे अखेर ते जूनचा पहिला आठवडा गाठा, अमावस्येच्या जवळपास, आणि शनिवार-रविवार सोडून जा. गाडी गावातच लावा, गावातलाच गाईड घ्या, एक झाड धरा आणि तासभर गप्प बसा. हिरडा, बेहडा, जांभूळ, कुठलंही चालेल.

आणि हो, निघायच्या आधी स्टेपनीतली हवा बघून घ्या.