पितळेत ड्रिल का ओढले जाते?

प्रश्न : ६ मिमी जाडीच्या पितळी पट्टीत आधी ४ मिमीचे भोक पाडून ते १० मिमीपर्यंत वाढवतो. ड्रिल एकदम खाली ओढले जाते आणि पट्टी हातातून सुटून गरगर फिरते. लोखंडात असे होत नाही. ड्रिल खराब आहे का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : ड्रिल चांगले आहे, पितळेसाठी जरा जास्तच. साध्या ड्रिलच्या नाळींचा (चुरा बाहेर काढणाऱ्या खाचांचा) पीळ ३० अंशांच्या आसपास असतो, त्यामुळे धार पुढे झुकलेली राहते. पितळ लोखंडाइतका विरोध करत नाही, म्हणून ड्रिल स्क्रूसारखे आत घुसते. त्यात तुमचे ४ मिमीचे भोक भर घालते. दाब मुख्यतः ड्रिलच्या मधल्या बोथट टोकाला लागतो. तिथला धातूच काढून टाकला की ड्रिलला रोखणार कोण? १० मिमीचे भोक एकाच दमात पाडा.

त्याआधी धारेचा झुकाव मोडा. बारीक ऑइलस्टोन (धार लावायचा दगड) ड्रिलच्या उभ्या अक्षाला समांतर धरून दोन्ही धारांच्या नाळीकडच्या अंगावर चिंचोळी सपाटी घासा. रुंदी अर्धा मिमी पुरे. एका फेऱ्यात ड्रिल जेवढे उतरते त्याहून ती थोडी जास्त हवी. दोन्हीकडे सारखी ठेवा, नाहीतर भोक मोठे पडते. टोकाच्या मागची उतरती बाजू मात्र घासायची नाही. या ड्रिलवर रंगाची खूण करून ते पितळेलाच ठेवा, लोखंडात ते जोर मागते.

वेग १५०० ते १९०० आरपीएम (मिनिटाला फेरे) चालेल, तेलाची गरज नाही. पट्टी हातात धरणे बंद. खाली लाकूड ठेवून ती क्लॅम्पने आवळा. शिवाय तिचे लांब टोक डावीकडे, मशीनच्या खांबाला टेकलेले ठेवा. धोका शेवटच्या मिलिमीटरला असतो. तिथे हँडल पुढे दाबण्यापेक्षा रोखून धरा.

प्रश्न : फॉस्फर ब्राँझच्या बुशला (शाफ्ट ज्यात फिरतो त्या नळीला) ३ मिमीचे तेलाचे भोक पाडताना ड्रिल मोडते. त्यालाही सपाटी घासायची का?
– एक वाचक, चाकण

उत्तर : नाही. हा धातू चिवट आहे, इथे कोरी तीक्ष्ण धारच हवी. ड्रिल घासत राहिले की ब्राँझ तापते, वरचा थर कडक होतो, भोक आवळते आणि ड्रिल अडकून तुटते. २००० ते २५०० आरपीएम ठेवा, कटिंग ऑइल सोडा, दर ३ मिमीला ड्रिल पूर्ण बाहेर काढून नाळ झाडा. एका जागी नुसते फिरवत ठेवू नका. बुश व्ही-ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यावर) बांधा आणि गोलाईवर ड्रिल घसरू नये म्हणून सेंटर ड्रिलने (आखूड, ताठ ड्रिलने) सुरुवात करा. आत घट्ट लाकडी दांडा ठोकला तर बाहेर पडताना ड्रिल अडत नाही. बुश सिंटर्ड (धातूची भुकटी दाबून-भाजून बनवलेला) असेल तर बहुतेक वेळा हे भोक लागतच नाही. तेल धातूच्या छिद्रांत आधीच मुरवलेले असते.